कावळ्याला दिलेला शब्द

नोकरी सोडून गेलेल्या साहेबांना फोन कसा करावा, हा विषय विज्ञान शाखेच्या अभ्यासक्रमात नाही. पाण्यात जंतू किती, दुधात युरिया किती, द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पण ज्या माणसाला दोन वर्षांत एकदाही फोन केला नाही, त्याला पहिल्या वाक्यात काय म्हणायचं, याची प्रमाणित पद्धत मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. ती नव्याने शोधायला गेले आणि जे घडलं ते खाली देत आहे. निष्कर्ष मात्र वाचकांनीच काढावा, कारण मला तो काढता आलेला नाही.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्राची जागा निघाली होती. मी अर्ज केला, तो पुढे सरकला, आणि तिकडून विचारणा झाली: ज्यांच्या हाताखाली काम केलं आहे अशा एका व्यक्तीचं नाव कळवा, आम्ही त्यांच्याशी फोनवर बोलू. आता मी आजवर दोनच माणसांच्या हाताखाली काम केलं होतं. एक मनोज सर, म्हणजे नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या टेस्टिंग लॅबचे आत्ताचे प्रमुख. त्यांना फोन गेला असता तर पुण्याची नोकरी लागण्याआधीच नाशिकची सुटली असती. दुसरे शेखर शिरोडे सर. मला पिपेट धरायला शिकवलं ते त्यांनी. पुढे ते विंचूरला एका वायनरीच्या लॅबचे प्रमुख होऊन गेले. तेव्हा सगळी मदार शिरोडे सरांवर.

ते गेले तेव्हा रीतसर निरोप समारंभ झाला होता. शाल दिली, समोसे खाल्ले, आणि ‘संपर्कात राहू’ असं प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं. जे कुठेच जाणार नव्हते त्यांनीही एकमेकांना सांगितलं. त्यानंतरच्या वाढदिवसाला मी सरांना केकचं चित्र पाठवलं, त्यांनी जोडलेले हात पाठवले. पुढच्या वर्षी मी चित्र पाठवलं नाही, त्यांनी हात जोडले नाहीत. रसायनशास्त्रात याला समतोल म्हणतात आणि तो विनाकारण ढळवू नये असा संकेत आहे.

‘‘सरळ फोन कर आणि सांग,’’ असं मीच मला म्हणत होते. पण आई म्हणाली, ‘‘काम पडलं तशी आठवण आली, असं म्हणतील ते. तोंडावर नाही म्हणणार, पण मनात म्हणतील. मनातलं वाईट.’’

मग शेजारच्या उज्वलाकाकूंना बोलावलं. काकू जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाल्या आहेत. कोणाची बदली कोणाच्या शब्दाने झाली आणि कोणाची कोणाच्या शब्दानंतरही झाली नाही, याचं ज्ञान त्यांच्याइतकं जिल्ह्यात कोणाला नाही.

‘‘फोन अजिबात करायचा नाही,’’ काकू चहात खारी बुडवत म्हणाल्या. ‘‘आधी निमित्त काढायचं. निमित्ताने भेटायचं. कामाचं अक्षर काढायचं नाही. आणि निघताना, चपला घालता घालता, सहज आठवल्यासारखं काम सांगायचं.’’

‘‘चपला घालतानाच का?’’ मी विचारलं. पद्धतीतली प्रत्येक पायरी समजून घ्यायची मला सवय आहे.

‘‘अगं, तेव्हा समोरच्याला दार लावून घ्यायचं असतं. तो हो म्हणून मोकळा होतो. मी बत्तीस लोकांच्या बदल्या अशा चपला घालून केल्यात.’’

आता निमित्त. गणपती होऊन गेले होते. दसऱ्याला सोनं द्यायला जाता आलं असतं, पण तोवर पुण्याची मुदत संपत होती. मधे सगळा पितृपक्ष. या दिवसांत कोणी वास्तुशांत करत नाही, कोणी बारसं करत नाही, कोणी नवी गाडीसुद्धा घरी आणत नाही.

‘‘चांगलं निमित्त नसलं तर वाईट बघायचं,’’ काकू म्हणाल्या आणि पेपरचं निधनवार्तांचं पान उघडून बसल्या. ते पान त्या एरवीही आधी वाचतात. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी त्या आमच्या दारात आल्या, त्या जवळजवळ उड्या मारत. ‘‘सापडलं! शिरोडे! पुतण्या शेखर, द्राक्ष-वाइन क्षेत्रातले तज्ज्ञ, लिहिलंय बघ!’’ मग त्यांना आपण काय बोलतोय ते जाणवलं आणि त्यांनी चेहरा नीट केला. ‘‘वाईट झालं. चुलते होते. दशक्रिया शुक्रवारी, गोदाघाटावर.’’

दुःखाच्या निमित्ताचे फायदे काकूंनी मला समजावून सांगितले. आमंत्रण लागत नाही, हातात काही न्यावं लागत नाही, आणि आलेला माणूस घरच्यांच्या जन्मभर लक्षात राहतो. यातला तिसरा मुद्दा इतक्या अचूकपणे खरा ठरेल असं तेव्हा आम्हां तिघींपैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. पांढऱ्या रंगाचा माझ्याकडे एकच कपडा निघाला, तो म्हणजे लॅब कोट. शेवटी आईचा फिकट ड्रेस घालून निघाले. द्वारका चौकात सिग्नलपाशी नेहमीप्रमाणे सगळं शहर एकाच वेळी एकाच दिशेला वळत होतं, त्यामुळे घाटावर पोहोचले तेव्हा विधी सुरू झालेले होते. विधी म्हणजे एक नव्हे. पितृपक्षातला घाट. इथे एक मांडव, तिथे एक मांडव, पलीकडे नुसत्याच खुर्च्या, आणि प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या कपड्यांतली माणसं.

शिरोडे सर ओळखायचे कसे, याचा मी आधी विचारच केला नव्हता, कारण गरज वाटली नव्हती. सरांचे केस कुरळे आणि इतके दाट होते की लॅबची टोपी त्यांच्या डोक्यावर बसत नसे, नुसती तरंगत असे. घाटावर पाहते तर जवळच्या सगळ्या नातेवाइकांनी क्षौर केलेलं. सगळीकडे सारखेच गुळगुळीत गोटे. कुठलाही जिवाणू एकाच लक्षणावरून ओळखू नये, असं मला सरांनीच शिकवलं होतं, आणि त्यांच्याच बाबतीत मी ते विसरले होते.

तेवढ्यात एका मांडवात पाठमोरे उभे असलेले गृहस्थ दिसले. तेच खांदे, तशीच किंचित डावीकडे झुकलेली मान, हात मागे बांधलेले. मी समाधानाने बायकांच्या बाजूला जाऊन बसले. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी होत्या. मांडवातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे त्या घरच्याच.

‘‘कोनाची गं तू?’’ आजींनी विचारलं.

‘‘मी वेदिका. सरांच्या कंपनीत होते,’’ मी हळू आवाजात म्हटलं.

‘‘काय म्हन्ती?’’ मागून एकीने विचारलं.

‘‘कंपनीतून आलीय,’’ आजींनी सांगितलं.

‘‘लगीन झालंय का?’’

‘‘अगं, तिथं काय चाललंय अन् तू काय इचारते,’’ तिसरी म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘झालंय का?’’

बातमी बायकांकडून पुरुषांकडे आणि पुरुषांकडून माइकपाशी कशी गेली, ते मला दिसलं. पण ती वाटेत वाढत होती, हे ऐकू आलं नाही. माइकवाल्या गृहस्थांनी आधी सोसायटीच्या चेअरमनना बोलावलं, मग एका माजी सरपंचांना, आणि मग म्हणाले, ‘‘आपल्या दुःखात सहभागी व्हायला कंपनीच्या मोठ्या मॅडम काम सोडून खास आल्या आहेत. त्या दोन शब्दांत श्रद्धांजली वाहतील.’’

मी मागे वळून पाहिलं, की या मोठ्या मॅडम कोण. मागे सगळे माझ्याकडेच बघत होते.

काही प्रसंगी नाही म्हणणं हे हो म्हणण्यापेक्षा जास्त लांबतं. मी उठले. जे माहीत नाही ते बोलायचं नाही, एवढा एक नियम मनाशी धरला. म्हटलं, ‘‘जे गेले त्यांना मी कधी भेटले नाही. पण त्यांच्या घरातल्या एका माणसाकडून मी काम शिकले. घाई करायची नाही, हात स्वच्छ ठेवायचे, आणि जो आकडा येईल तोच लिहायचा, हवा तो लिहायचा नाही. ज्या घरात अशी माणसं घडतात, तिथल्या वडीलधाऱ्यांचा त्यात वाटा असणारच.’’

बोलून संपलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आकडा लिहिण्यात रडण्यासारखं काय होतं, मला कळेना. पण प्रतिक्रिया अनुकूल होती, एवढी नोंद मी घेतली.

मग पिंड ठेवले गेले. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे होते. भिंतीवर होते, झाडावर होते, पण कोणी हलत नव्हतं. याचं कारण मला स्पष्ट दिसत होतं. सकाळपासून घाटावर इतक्या घरांचे पिंड झाले होते की त्यांची पोटं भरलेली होती. दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याने तेच केलं असतं. पण मांडवात याचा वेगळा अर्थ लावला जात होता: गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे.

‘‘पुंजाआप्पा, म्हातारीला आम्ही अंतर देनार नाय!’’ एक जण हात जोडून ओरडला. कावळा हलला नाही.

‘‘आप्पा, बांधाचं मिटवून टाकतो,’’ दुसरा म्हणाला. तिसऱ्याने त्याच्याकडे चमकून पाहिलं, त्यावरून ही मोठी बातमी असावी. कावळ्याला तिचं काही वाटलं नाही.

सरांच्या चुलत्यांचं नाव पुंजा होतं हे पेपरात नव्हतं, असं मला अंधूकसं आठवलं. पण विचार पूर्ण व्हायच्या आत शेजारच्या आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘त्यांचं एकच मागनं होतं. नातू कंपनीत लागलेला बघायचा होता. नवनाथ.’’

आणि सगळा मांडव माझ्याकडे वळला.

‘‘मी... मला अधिकार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मी फार लहान पदावर आहे.’’

‘‘म्याडम, तुमी नुसतं म्हना,’’ कोणीतरी काकुळतीने म्हणालं. ‘‘बघा, कवापासून ताटकळलाय जीव.’’

‘‘प्रयत्न करीन,’’ मी पिंडाकडे बघून म्हटलं. भिंतीवरच्या एका कावळ्याने मान वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली.

‘‘प्रयत्न नका म्हनू. शब्द द्या.’’

आजी माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मी म्हटलं, ‘‘लावते. कामाला लावते.’’

कावळा उतरला, दोन पावलं चालला, आणि त्याने पिंडाला चोच लावली.

एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय त्याच क्षणी शेजारच्या मांडवात कोणीतरी स्टीलचं पातेलं पाडलं होतं आणि त्या आवाजाने कावळा तिकडून इकडे आला असण्याची शक्यता होती. हे मला तिथे मांडायचं होतं. पण आजींनी माझे दोन्ही हात धरले होते, बायका हुंदके देत होत्या, आणि पाठमोरे गृहस्थ पहिल्यांदाच वळून माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले होते. तो चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ‘‘मी गेणूतात्या. आप्पांचा थोरला,’’ ते म्हणाले. ‘‘नवनाथ माझाच. ही माझी आई, कुसाबाई.’’

त्यांच्या खांद्यावरून मला शेजारचा मांडव दिसत होता. त्या मांडवाच्या कडेला एक गोटा केलेले गृहस्थ उभे होते आणि माझ्याकडे टक लावून बघत होते. ते शिरोडे सर होते.

‘‘तात्या, माझी काहीतरी चूक झालीय,’’ मी म्हटलं. ‘‘मला खरं तर शेजारी जायचं होतं.’’

‘‘चूक कसली!’’ तात्या म्हणाले. ‘‘आप्पानीच वढून आनलं तुमाला.’’

या विधानाचा प्रतिवाद कसा करायचा असतो, ते मला अजून कळलेलं नाही.

मी शेजारी गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘वेदिका, तू पुंजाआप्पांच्या घरच्यांच्या ओळखीची?’’

या जागी ‘नाही, मी तुमच्या काकांसाठी आले होते’ हे उत्तर होतं. पण सगळ्या घाटासमोर पुंजाआप्पांवर भाषण केल्यावर ते कसं द्यायचं? मी म्हटलं, ‘‘थोडीशी.’’

‘‘आमचे काका गेले.’’

‘‘हो का? अरेरे,’’ मी म्हटलं आणि माझं निमित्त माझ्याच हाताने गोदावरीत सोडलं.

‘‘बोललीस छान. इकडे सगळं ऐकू येत होतं,’’ सर म्हणाले. ‘‘आमच्या पिंडाजवळ कावळा आला होता. मग तुमच्याकडे उडाला.’’

आता काकूंची शेवटची पायरी तेवढी बाकी होती. मी चपलांपाशी गेले, सहज आठवल्यासारखं काम सांगायला. चपला जागेवर नव्हत्या. कोणाच्या तरी पायांतून त्या निफाडच्या बाजूला निघून गेल्या होत्या. अनवाणी माणसाने काम कधी सांगायचं, याबद्दल काकूंनी काहीच सांगितलेलं नव्हतं.

तात्यांनी घाटावरच माझा नंबर आणि कंपनीचा पत्ता घेतला होता. त्यांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला, आणि मग येतच राहिला. ‘‘म्याडम, कंपनीचं काय झालं?’’ मी म्हणे, ‘‘बघते.’’ ते म्हणत, ‘‘आई इचारती. आईला आप्पा इचारत्यात.’’ नवनाथ बी.एस्सी. होता, तेही रसायनशास्त्र घेऊन, म्हणजे अपात्र म्हणायचीही सोय नव्हती.

एका सकाळी गेटवरून फोन आला, ‘‘मॅडम, तुमचा कांदा आलाय.’’ तात्यांनी एक गोणी उतरवून दिली होती. मी खाली पोहोचायच्या आत मनोज सर तिथे होते आणि आमच्या लॅबच्या नियमाप्रमाणे गेटमधून आत आलेल्या खाद्यपदार्थाची नमुना म्हणून नोंद झाली होती.

‘‘कोणती चाचणी करायचीय?’’ मनोज सरांनी विचारलं.

‘‘सर, ती भेट आहे.’’

‘‘टेस्टिंग लॅबच्या माणसाने शेतकऱ्याकडून भेट घेतली?’’ त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते नियम पाठ म्हणतात.

‘‘नमुनाच आहे सर,’’ मी घाईने म्हटलं. ‘‘कीटकनाशकाचा अंश बघायचाय.’’

मग त्या कांद्याचा अंश मी बघितला. अंश नव्हता, फार चांगला कांदा होता. पण नियम असा की अहवाल गेल्यानंतरही उरलेला नमुना ठरावीक मुदतीपर्यंत सांभाळून ठेवायचा. तपासणीला किलोभर लागला. उरलेली गोणी नमुन्यांच्या खोलीत, कुलुपाच्या आत, कोंब फुटत राहिली. खाता येईना, टाकता येईना. सगळ्या मजल्यावर वास येऊ लागला आणि लोक माझ्याकडे बघून नाक दाबू लागले.

या सगळ्याला वैतागून एकदा मी तात्यांना फोनवर खरं ते सांगितलं. म्हटलं, ‘‘अहो, इथे जागाच नाही. मीच दुसरीकडे जायचं बघतेय. विंचूरच्या शिरोडे सरांनी माझ्यासाठी पुण्याला चार शब्द सांगितले तर मी सुटेन, मग माझी जागा रिकामी होईल.’’

‘‘आसं हे व्हय,’’ तात्या विचारपूर्वक म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम हुरूप आला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दोन गोष्टी घडल्या. पहिली: नवनाथ इस्त्रीचा शर्ट घालून मनोज सरांना भेटायला आला. अतिशय सरळ मुलगा. मनोज सर म्हणाले, ‘‘सध्या जागा नाही. कोणी सोडून गेलं तर कळवू.’’ त्यावर नवनाथ नम्रपणे म्हणाला, ‘‘चालेल सर. मॅडम गेल्या की मी येतो.’’

त्या दिवसापासून मनोज सर माझ्याशी फक्त तिसऱ्या माणसामार्फत बोलू लागले, तिसरा माणूस नसेल तर भिंतीमार्फत. शीतगृहाची किल्ली माझ्याकडून काढून घेण्यात आली. आमच्याकडे किल्ली काढून घेतली की समजायचं, पुढच्या महिन्यात खुर्ची. म्हणजे पुण्याचं जमलं नाही तर मी दोन्हीकडून जाणार, हे नक्की झालं.

दुसरी: रविवारी सकाळी शिरोडे सरांचा फोन आला. दोन वर्षांतला पहिला.

‘‘वेदिका, माझ्या हॉलमध्ये एक गृहस्थ, एक आजी आणि एक मुलगा बसलेत. आणि टोमॅटोचे कॅरेट. म्हणतात, वेदिका मॅडमला त्या कंपनीतून सोडवा. तुला कोणी कोंडून ठेवलंय का?’’

मी स्कूटर काढली आणि निघाले. त्यांच्या दारापर्यंत मी वाक्यं जुळवत होते, आणि दार उघडल्यावर एकही आठवलं नाही. आत तात्या सोफ्याच्या कडेवर बसले होते, कुसाबाई खाली सतरंजीवर, आणि नवनाथ उभाच होता.

‘‘या म्याडम,’’ तात्या म्हणाले, जणू घर त्यांचंच. ‘‘सायबांना सगळं सांगितलं. तुमी यांच्या चुलत्याच्या धाव्याला निघाल्या व्हत्या, अन् आप्पानी कसं मधीच वढून घेतलं.’’

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता आखूड केसांची नवी लव आली होती. ‘‘म्हणजे तू काकांसाठी आली होतीस? मग तेव्हा ‘हो का, अरेरे’ कशाला म्हणालीस?’’

इथे ‘हो, काकांसाठीच’ म्हणून सुटता आलं असतं. सरांचा चेहरा तेवढा मऊ झाला होता. पण मी म्हटलं, ‘‘नाही सर. काकांसाठी नाही. पुण्याला तुमचा शब्द हवा होता. दोन वर्षांत फोन केला नव्हता, म्हणून निमित्त शोधत होते. काका पेपरात सापडले.’’

कुसाबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

‘‘मग सरळ फोन का नाही केलास?’’ सर म्हणाले.

‘‘काम पडलं तशी आठवण आली, असं तुम्ही मनात म्हणाला असता.’’

‘‘म्हणालोच असतो,’’ सर म्हणाले. ‘‘आणि मग काम केलं असतं. त्यात काय आहे? मलाही गेलं वर्षभर तुला फोन करायचा होता. हाताखाली धड माणूस नाही. एखादं प्रामाणिक पोर आहे का, विचारायचं होतं. पण वाटलं, मनोजला कळलं तर त्याची माणसं पळवतोय म्हणेल. शिवाय तूही म्हणाली असतीस, काम पडलं तशी आठवण आली.’’

‘‘म्हणाले असते,’’ मी कबूल केलं.

तात्या आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. ‘‘सायेब, शिकलेली मान्सं एकमेकाला फोन करायला एवढं भेत्यात? आमी तर घरी येऊनच बसतो.’’

‘‘दिसलं ते,’’ सर म्हणाले आणि नवनाथकडे वळले. त्यांनी त्याला टायट्रेशनबद्दल विचारलं. शेवटचा थेंब जास्त पडला तर काय करतोस, असं विचारलं. नवनाथ म्हणाला, ‘‘पहिल्यापासून करतो सर.’’ सरांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘याच्यासाठी तू शब्द दिलायस?’’

‘‘दिलाय,’’ मी म्हटलं. आता मागे घेणं शक्यच नव्हतं. कुसाबाई समोर बसल्या होत्या.

‘‘सोमवारपासून ये,’’ सर नवनाथला म्हणाले. ‘‘आणि वेदिका, माझं नाव दे पुण्याला. फोन आला तर बोलेन.’’

‘‘काय बोलाल सर?’’

‘‘जे खरं आहे ते.’’

या आश्वासनाने माझी मुलाखतीपर्यंतची झोप उडाली.

मुलाखतीला पुण्यात तीन जण समोर होते. मधल्या बाई अध्यक्षा होत्या. त्यांचे शोधनिबंध मी कॉलेजात असताना वाचले होते, आणि आता त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत होत्या. शास्त्राचे प्रश्न बरे गेले. मग बाई म्हणाल्या, ‘‘आम्ही शिरोड्यांना फोन केला होता. विचारलं, या मुलीवर किती विसंबता येईल? ते एकच वाक्य बोलले. म्हणाले, ‘तिनं शब्द दिला की कावळासुद्धा विश्वास ठेवतो.’ आणि फोन ठेवला. याचा नेमका अर्थ काय?’’

तिघेही पेन टेबलावर ठेवून बसले. मी विचार केला, आकडा जो आला तोच सांगावा. मी घाट सांगितला, गोटे सांगितले, भाषण सांगितलं, कांदा सांगितला. कावळ्यांची पोटं भरलेली होती, पातेलं पडलं होतं, तुलनेसाठी दुसरा मांडव नियंत्रित परिस्थितीत नव्हता आणि एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट केलं.

‘‘पण शिवला ना?’’ डावीकडचे शास्त्रज्ञ पुढे वाकून म्हणाले.

‘‘शिवला. पण त्यावरून...’’

‘‘बरोबर आहे. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही,’’ बाई ठामपणे म्हणाल्या. ‘‘बाहेर थांबा.’’

मी बाहेर बाकावर बसले. संपलं, असं मला वाटत होतं. नाशिकला किल्ली नव्हती, इथे कावळा आडवा आला होता. थोड्या वेळाने दार उघडून बाई स्वतः बाहेर आल्या. मी उभी राहिले. त्यांनी मागे दार नीट लागलंय का ते पाहिलं.

‘‘पत्र येईलच. एक तारखेला रुजू व्हायचं,’’ त्या म्हणाल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आवाज आणखी खाली आणला. ‘‘आणि हे कार्यालयीन नाही. परवा माझ्या थोरल्या दिरांचं दहावं आहे. भयंकर हट्टी माणूस होता. त्यांना काय हवं होतं ते हयातीत कोणाला कळलं नाही, तर आता काय कळणार? तुम्ही परवा मोकळ्या आहात का?’’

हा नोकरीचा पहिला आदेश होता, की एका सहकाऱ्याने दुसऱ्याला केलेली विनंती, की मुलाखतीचीच राहिलेली फेरी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मी हो म्हटलं. फक्त एक अट घातली: घाटावर पोहोचल्यावर बाईंनी स्वतः माझा हात धरून मला योग्य मांडवात नेऊन बसवायचं.